सलीम ग्लासगोला गेला, यूसुफ इकडे आला

कोलकात्याच्या मोहम्मद सलीमची गोष्ट आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. 1936 साली ग्लासगोच्या सेल्टिक क्लबकडून तो बूट न घालता, पायांना पट्ट्या बांधून खेळला आणि तिथल्या प्रेक्षकांचा लाडका झाला. उलट्या वाटेने घानाहून आपल्याकडे आलेल्या यूसुफ याकूबूचे नाव मात्र क्वचितच निघते. (उर्दूच्या मास्तराला राहवत नाही म्हणून सांगतो: हजरत यूसुफ हे हजरत याकूब यांचे पुत्र. या गड्याच्या नावात बाप-लेक दोघेही आहेत.)

गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचा तो आघाडीचा खेळाडू. 2001-02 च्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये त्याने 18 गोल केले, पुढच्या मोसमात 21. दोन्ही वेळा देशात सर्वाधिक. नंतर तो मुंबईच्या महिंद्रा युनायटेडमध्ये आला. 2005-06 मध्ये या संघाने लीग जिंकली. मुंबईच्या क्लबला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

सेल्टिक टिकला, म्हणून सलीमच्या पट्ट्यांची आठवणही टिकली. महिंद्राने 2010 मध्ये आपला संघच बंद केला. मुंबईत यूसुफचे गोल आता कूपरेजला जाणाऱ्या जुन्या प्रेक्षकांच्या बोलण्यातच उरले आहेत.