उदरनलिकेचा इतिहास

मूत्रपिंडें निकामी झालीं म्हणजे रक्तांतील मल बाहेर काढण्याचे दोन मार्ग उरतात. एक यंत्राचा, दुसरा रोग्याच्याच उदरावरणाचा. ह्या पातळ आवरणाच्या पोकळींत औषधी द्रव सोडावा, कांहीं तास तो तेथें राहूं द्यावा, रक्तांतील मल त्यांत झिरपला कीं काढून टाकावा, इतकी सरळ ही युक्ति आहे. धुळ्यास पांझरेपलीकडच्या देवपुरांत राहणारा रोगी रिक्षानें यंत्रापाशीं पोंचूं शकेल. परंतु सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून आठवड्यांतून दोन-तीन वेळां शहर गांठणें म्हणजे मजुरी आणि आयुष्य दोन्ही वाटेवर सांडणें होय. अशाला घरीं होणारा दुसरा मार्गच सोयीचा. मात्र तो सर्वस्वीं करंगळीहून बारीक अशा एका नळीवर अवलंबून आहे.

पोटास वेध करून नळी घालण्याची कल्पना आपणांस परकी नाहीं. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें काढलेली सुश्रुतसंहिता ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं चिकित्सास्थानांतील उदररोगांचा अध्याय उघडावा. जलोदरांत नाभीच्या खालीं, मध्यरेषेच्या डावीकडे चार अंगुलें सोडून व्रीहिमुख शस्त्रानें वेध करावा, कथील इत्यादि धातूची किंवा पिसाची दुतोंडी नळी त्यांत बसवावी, आणि सर्व पाणी एकाच दिवशीं काढूं नये, असें तेथें सांगितलें आहे. मध्यरेषा टाळण्याचा विवेक आजचे शस्त्रवैद्यही पाळतात. पण सुश्रुताची नळी काम होतांच काढावयाची होती. आजची वर्षानुवर्षें पोटांत राहावयाची आहे, आणि सारी अडचण तेथेंच आहे.

१९२३ सालीं जर्मनींत गांटर ह्यानें प्रथम प्राण्यांवर व मग रोग्यावर हा प्रयोग केला. १९४६ मध्यें बोस्टनच्या फाइन, फ्रँक व सेलिगमन ह्यांनीं ह्याच उपायानें एका रोग्याला वांचविलें. रक्त शुद्ध होतें हें सिद्ध झालें. परंतु नळीच्या कडेनें द्रव पाझरे, नळी तुंबे, आणि जंतु आंत शिरून उदरावरणाचा दाह होई. म्हणून सिअॅटलच्या बून ह्यानें दर खेपेस नवा वेध करण्याचें पत्करलें. रोग्याच्या दृष्टीनें ही शिक्षाच! १९६८ सालीं त्याच शहरांतील हेन्री टेंकॉफ ह्यानें सिलिकोनच्या मऊ नळीवर डेक्रॉनच्या दोन पट्ट्या चढविल्या. एक स्नायूच्या थरासाठीं, दुसरी त्वचेखालीं. भोंवतालचें मांस ह्या लोकरीसारख्या पट्ट्यांत रुजतें आणि जंतूंची वाट बंद होते. १९७६ त पोपोविच व मॉन्क्रीफ ह्यांनीं अहोरात्र चालणारी घरगुती पद्धति मांडली; भारतांत ती १९९१ सालीं आली.

नळी बसविण्याच्या तीन रीती आज प्रचलित आहेत. पहिलींत शस्त्रवैद्य पोट थोडें उघडून डोळ्यांदेखत उदरावरणास छिद्र पाडतो, आणि बटव्याच्या नाडीप्रमाणें टाका आवळून नळी पक्की करतो. दुसरी सुईची. स्वीडनच्या सेल्डिंगरनें १९५३ सालीं रक्तवाहिन्यांसाठीं काढलेली युक्ति येथें कामीं आली: आधीं सुई, सुईंतून तार, तारेवरून नळी. तेवढीच जागा बधिर करून हें काम खाटेवरही होतें. परंतु ती अंधारांतली वाट आहे. पूर्वींच्या शस्त्रक्रियेमुळें आंतडें आंतून चिकटलेलें असल्यास सुई त्यांतच शिरण्याचें भय. तिसरी रीत दुर्बिणीची. तिच्या साह्यानें चिकटलेले भाग सोडवितां येतात, नळीला विळखा घालणारी वपा बाजूस टांकून ठेवतां येते, आणि स्नायूच्या वेष्टणांतून लांब भुयारानें नळी नेली म्हणजे तिचें टोंक ओटीपोटांतून सहसा सरकत नाहीं. मात्र ह्यांतलें कांहींच न करतां दुर्बीण नुसती पाहण्यापुरती घातली, तर तिचें श्रेष्ठत्व दिसून येत नाहीं. शिवाय बहुधा संपूर्ण भूल द्यावी लागते आणि खर्चही वाढतो. ज्याचें पोट पूर्वीं कधीं उघडलेलें नाहीं अशा रोग्याला कुशल हातची सुई पुरेशी आहे. तेथें दुर्बिणीवांचून अडून बसणें हा निव्वळ दिमाख होय.

नळी त्वचेबाहेर कोठें काढावी, हा प्रश्न दिसतो लहान, पण त्यावर पुष्कळ अवलंबून असतें. छिद्राचें तोंड खालीं किंवा बाजूस वळलेलें असावें, म्हणजे घाम व मळ तेथें साचत नाहीं. परकराची नाडी किंवा धोतराची गांठ जेथें बसते ती रेषा टाळावी लागते. म्हणून रोग्याला नेहमींच्या कपड्यांत बसवून, उभें करून, शस्त्रक्रियेच्या आधींच शाईनें खूण करतात. नळी बसल्यावर शक्य तर दोन आठवडे तिला विसांवा देतात, तोंवर मांस पट्टींत रुजतें.