उन्हावाऱ्याची मोजदाद

बसवनगुडीत गांधी बझारमागच्या गल्ल्यांतून मान वर करून चाललं की गच्च्यांवर पाणी तापवणाऱ्या सोलरच्या टाक्या दिसतात, आणि अलीकडे त्यांच्या शेजारी विजेची काळी-निळी पॅनेलंही. पॅनेल बसवायला आलेला माणूस आधी दक्षिण कुठे ते पाहतो, नारळाची सावली कुठवर येते ते विचारतो, पॅनेलला तेरा अंशांच्या आसपास उतार देतो (बेंगळुरूचा अक्षांशच तेरा) आणि किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिटं मिळतील असं सांगतो. ही चार युनिटं तो गच्चीवर उभं राहून ठरवत नाही. त्यामागे देशभरातल्या उन्हाची अनेक वर्षांची मोजणी आहे. गच्ची असो की हजारो एकरांचं सौरउद्यान, जमीन आणि कर्ज यांच्याही आधी ही मोजणी लागते. भारतात तिचा पाया पुण्यात घातला गेला आणि पुढचं काम बेंगळुरूत झालं. दोन्ही ठिकाणी अन्ना मणी होत्या.

१९१८ साली त्रावणकोरातल्या पीरमेडला जन्मलेल्या या बाईंनी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली हिरे-माणकांच्या वर्णपटांवर संशोधन केलं. एम.एस्सी. नाही या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. नाकारली. १९४५ मध्ये त्या लंडनला गेल्या, हवामानाच्या उपकरणांचं तंत्र शिकल्या आणि १९४८ मध्ये हवामान खात्याच्या पुण्याच्या कचेरीत, म्हणजे पुणेकरांच्या सिमला ऑफिसात, रुजू झाल्या. तेव्हा साधीसुधी उपकरणंही विलायतेहून यायची. मणींनी शंभराच्या आसपास उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती इथे घडवण्याची सोय केली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात देशभर सूर्यप्रारण मोजणारी केंद्रं उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने.

ते ऊन मोजणारं यंत्र जवळून पाहण्यासारखं असतं. तळहातावर मावेल एवढी बैठक, मधोमध काळी चकती, तिच्यावर एकात एक बसवलेले काचेचे दोन घुमट. चकती तापते, तिच्या नि खालच्या थंड भागाच्या तापमानात फरक पडतो आणि त्या फरकातून काही मिलिव्होल्ट वीज निघते. तेवढ्यावरून उन्हाचा आकडा काढायचा. घुमटावर धूळ बसली, दव राहिलं की आकडा खोटा. म्हणून काच नित्य पुसायची आणि ठरावीक काळाने यंत्र प्रमाण यंत्राशी ताडून पाहायचं. चुकीच्या मोजणीपेक्षा मोजणी नसलेली बरी, असं मणींचं ठाम मत होतं. मला ही शिस्त त्यांच्या कुठल्याही पदापेक्षा मोठी वाटते.

१९७६ मध्ये उपमहासंचालक पदावरून निवृत्त होऊन त्या बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत आल्या. १९७३ च्या तेलसंकटानंतर जगभर पर्यायी ऊर्जेचा शोध सुरू झाला होता. १९८० आणि १९८२ मध्ये भारतातल्या सूर्यप्रारणावरचे त्यांचे ग्रंथ आले, १९८३ मध्ये वाऱ्याच्या आकडेवारीचा. वारा मोजणारी उपकरणं बनवणारा छोटा कारखानाही त्यांनी बेंगळुरूत काढला.

वाऱ्याचं गणित उन्हापेक्षा निर्दय आहे. त्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला पाच मीटरच्या जागी सहा मीटर वारा असेल तर वेग वीस टक्के जास्त, शक्ती मात्र जवळपास पाऊणपट जास्त. मोजणीतली जराशी चूक प्रकल्प बुडवू शकते. म्हणून डोंगरमाथ्यावर उंच मनोरा उभारायचा, त्यावर फिरत्या वाट्यांचं वायुवेगमापक बसवायचं (आयर्लंडच्या रॉबिन्सनने १८४६ मध्ये बसवलं तसं, फक्त त्याच्या चार वाट्यांऐवजी आता तीन) आणि किमान एक वर्षभर नोंद ठेवायची. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर वारा तुफान, पुढे त्याचा जोर ओसरतो. नुसता पावसाळा मोजून हिशेब मांडला तर तो फसणारच.

१९८६ मध्ये ओखा, तुतिकोरिन आणि आपल्या रत्नागिरीत ५५ किलोवॅटच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस साताऱ्यातल्या वनकुसवडे पठारावर त्यांच्या रांगा लागल्या. उन्हासाठी २०११ पासून चेन्नईच्या पवनऊर्जा संस्थेने स्वयंचलित केंद्रं बसवली, पहिल्या टप्प्यात एक्कावन्न. आज उपग्रहाचे आकडे घरबसल्या मिळतात, पण तेही जमिनीवरच्या यंत्राशी ताडावेच लागतात.

बेंगळुरूच्या उत्तरेला, तुमकुरू जिल्ह्यातल्या पावगड्याचं सौरउद्यान २०१९ च्या अखेरीस पूर्ण झालं. क्षमता २,०५० मेगावॅट, जमीन सुमारे १३,००० एकर. जमीन विकत न घेता शेतकऱ्यांकडून भाडेपट्ट्याने घेतली, वर्षाला एकरी २१,००० रुपयांपासून. दुष्काळी तालुक्यात ही व्यवस्था चांगलीच. पण ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्या शेतमजुरांची बुडालेली मजुरी कोणाच्या खात्यात धरली गेली नाही. प्रकल्पाच्या मोजणीत हाही रकाना असायला हवा.

आणि तुमच्या गच्चीवर पॅनेल बसवणार असाल तर वर्षाच्या एका सरासरीवर समाधान मानू नका. बारा महिन्यांचे बारा आकडे कागदावर मागा, ते कुठल्या नोंदींवरून काढले ते विचारा आणि नारळाची सावली डिसेंबरात कुठे पडते तेही तपासायला लावा.