यादीतली पहिली ओळ

मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांची यादी सुरू होते ती अशी : १८७८, पुणे, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. या ओळीतला एक शब्द तरी मागाहून आलेला आहे. रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले १८९३ मध्ये. १८७८ मध्ये ते छत्तीस वर्षांचे सबजज्ज होते. मग ‘पहिले अध्यक्ष’ तरी त्या काळचे का?

सुरुवातीचा पुरावा ७ फेब्रुवारी १८७८ च्या ‘ज्ञानप्रकाशा’तला. त्यात रानडे आणि लोकहितवादी यांनी ग्रंथकारांना एकत्र येण्याचे आवाहन केले. सभा भरली ११ मे रोजी, हिराबागेत. मधे, १४ मार्चला, देशी भाषांतल्या वृत्तपत्रांना वेसण घालणारा कायदा झाला. आवाहन त्याआधीचे, म्हणजे कायदा हे सभेचे कारण नव्हे. जमलेल्यांच्या मनात तो घोळत असावा, हा मात्र केवळ तर्क.

दुसरी सभा १८८५ ची, पुण्यातच. अध्यक्ष कृष्णशास्त्री राजवाडे. तिच्याविषयीचा सर्वांत बोलका कागद म्हणजे जोतीराव फुल्यांचे नकाराचे पत्र. सर्व माणसांचे हक्क जे मनापासून देत नाहीत, त्यांच्या सभांशी आपला मेळ बसणार नाही, हा त्याचा आशय. रानड्यांचे निमंत्रण ‘ता. १३ माहे मजकूर’चे, म्हणजे चालू महिन्याच्या १३ तारखेचे, असा त्यात उल्लेख आहे. महिना कोणता? पत्र ‘ज्ञानोदया’त छापून आले ११ जूनला, तेव्हा १३ जून बाद. सभा २४ मेची. निमंत्रण १३ मेचे धरले तर सगळे जुळते. पहिल्या वेळी तीन महिन्यांची मुदत, या वेळी अकरा दिवसांची.

पुढे वीस वर्षे खंड. तिसरे संमेलन १९०५ मध्ये साताऱ्याला, रघुनाथ पांडुरंग करंदीकरांच्या अध्यक्षतेखाली. चौथे १९०६ मध्ये पुण्यात, मळेकर वाड्यात. अध्यक्ष गोविंद वासुदेव कानिटकर. तिथेच २७ मे रोजी महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली आणि तुटक सभांना संस्थेचा आधार मिळाला.

रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी वारले. तिसरे संमेलन त्यांनी पाहिले नाही, परिषदही नाही. १८७८ ची सभा आणि तिचे अध्यक्षपद निश्चित आहे. ‘पहिले’ हा मान मात्र पुढच्या संमेलनांनी मागे वळून दिलेला दिसतो. हिराबागेत रानडे एका सभेच्या खुर्चीवर बसले होते. यादीच्या अग्रभागी त्यांना बसवले नंतरच्यांनी.