अ‍ॅनी चॅपमनच्या हाती दिलेले शस्त्र

लंडनच्या ईस्ट एंडमध्ये १८८८ साली खून करणारा 'जॅक द रिपर' सर्वांना ठाऊक असतो. त्याने मारलेल्या पाच बायकांची नावे मात्र क्वचितच कुणाला सांगता येतात. आपल्या मुलांना ती आता कळतात व्हिडिओ गेममधून. 'अ‍ॅसॅसिन्स क्रीड सिंडिकेट' या गेमला डिसेंबर २०१५ मध्ये रिपरवरची पुरवणी निघाली. तिच्या कथेत या बायका म्हणजे रिपरच्या मागावर पाठवलेल्या, एका गुप्त संघटनेच्या तरबेज सदस्या आहेत. हिंदुस्थानातून परतलेली नायिका एव्ही फ्राय त्यांच्या खुन्याचा माग काढते.

हेतू चांगला असेल; बिचाऱ्या बळींना शौर्य बहाल केले आहे. पण त्यांतली खरी अ‍ॅनी चॅपमन कोण होती?

१८६९ साली तिचे एका कोचमनशी लग्न झाले. १८८२ मध्ये मुलगी एमिली मेंदूज्वराने गेली. अ‍ॅनीला दारूचे व्यसन होते; पुढे नवरा-बायको वेगळे झाले. नवरा आठवड्याला दहा शिलिंग धाडी. १८८६ च्या अखेरीस तो वारला आणि तेही थांबले. मग क्रोशाचे विणकाम आणि फुले विकून ती दिवस काढू लागली. ८ सप्टेंबर १८८८ च्या मध्यरात्रीनंतर, पलंगाच्या भाड्यापुरतेही पेन्स नव्हते म्हणून तिला डॉर्सेट स्ट्रीटवरच्या निवाऱ्यातून बाहेर पडावे लागले. सकाळी सहाच्या सुमारास २९, हॅनबरी स्ट्रीटच्या मागच्या अंगणात तिचे प्रेत सापडले. शवविच्छेदनात फुप्फुसांचा जुना आजार आणि उपासमारीच्या खुणा दिसल्या.

अ‍ॅनी वेश्या होती याला पुरावा नाही, असे इतिहासकार हॅली रुबेनहोल्ड यांनी 'द फाइव्ह' (२०१९) या पुस्तकात मांडले. गेमने मात्र तो जुना समज पुसला नाही. त्याला वेषांतर ठरवून खाली खंजीर लपवला.

संगणकाच्या धंद्यातला माणूस म्हणून मला यामागची अडचण कळते. गेमला शत्रू लागतो, आणि शत्रूला चेहरा लागतो. बंद पडलेल्या दहा शिलिंगांवर वार करता येत नाही. म्हणून गरिबी कथेतून गळते आणि उरतो तो खुनी.

मुलांना खेळू द्यावे. फक्त एकदा विचारावे: त्या रात्री अ‍ॅनीजवळ तलवार हवी होती, की पलंगाचे भाडे?