पांढऱ्या पाठीचा तुडतुडा

(सोगाटेला फर्सिफेरा). भाताच्या बुंध्यातील रस शोषणारा, डेल्फॅसिडी कुलातील कीटक. हंगेरीचे कीटकशास्त्रज्ञ गेझा होर्वाथ यांनी १८९९ मध्ये या जातीचे प्रथम वर्णन केले. दक्षिण, आग्नेय व पूर्व आशियातील भातपट्ट्यात तो आढळतो. ठाणे जिल्ह्यात त्याचे क्षेत्र म्हणजे शहापूर, मुरबाड, कल्याण, भिवंडी व अंबरनाथ तालुक्यांतील भाताची खाचरे.

पंखांसह लांबी सुमारे ३ ते ४ मिमी. पुढचे पंख पारदर्शक, शिरा गडद. प्रत्येक पंखाच्या मागच्या कडेच्या मध्यावर ठळक काळा ठिपका असतो. कीटक पंख मिटून बसला की दोन्ही ठिपके जुळून पाठीवर एकच डाग दिसतो. डोक्यामागे, पंख जिथून सुरू होतात तिथे, मधोमध पांढुरका पट्टा असतो. नावातली पांढरी पाठ ती हीच. नर नेहमी लांब पंखांचे असतात. मादी दोन प्रकारची: लांब पंखांची आणि आखूड पंखांची. आखूड पंखांच्या मादीची ओळख पाठीच्या पट्ट्यावरून करावी, ठिपक्यावर विसंबू नये.

ठाणे शहरातल्या वागळे इस्टेटमध्ये आता कारखाने आणि कार्यालये आहेत, खाचरे नाहीत. तरीही नवशिक्याने पंखांच्या खुणा शिकायला शहरातला दिवा उत्तम, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भातावरचे तुडतुडे प्रकाशाकडे झेपावतात, आणि उडून येणारे सगळे लांब पंखांचेच असतात. त्यांच्यातला हिरवा तुडतुडा निराळ्या कुलातला; त्याच्या नराच्या हिरव्या पंखांवर काळा ठिपका व टोकाला काळा रंग असतो. शंका आली तर भिंगातून मागचा पाय पाहावा. हिरव्या तुडतुड्याच्या नडगीवर काट्यांची रांग असते, तर डेल्फॅसिडीत नडगीच्या टोकाला एकच मोठा, हलणारा काटा असतो. तपकिरी तुडतुडा (निलापार्वता ल्युजेन्स) मात्र याच कुलातला; तो सर्वांगी तपकिरी असतो आणि त्याच्या पाठीवर पांढरा पट्टा नसतो. गवतावर राहणाऱ्या सोगाटेलाच्या इतर जाती दिसायला फार जवळच्या आहेत. तिथे नराची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय निर्णय देऊ नये.

हे इवलेसे पंख लांबवर नेतात. १९६७ मध्ये जपानच्या दक्षिणेस सुमारे ५०० किमीवर, भर समुद्रात, हवामान निरीक्षण करणाऱ्या जहाजावर या तुडतुड्यांचे थवे उतरले. जपानच्या हिवाळ्यात ही जात तगत नाही. दरवर्षी ती वाऱ्याबरोबर नव्याने तिथे पोचते.

मादी पानाच्या आवरणात अंडी घालते. पिल्ले पाच अवस्थांतून वाढतात. पिल्ले व प्रौढ दोघेही बुंध्याशी रस शोषतात. चिकट स्राव पडून त्यावर काळी बुरशी वाढते, आणि प्रादुर्भाव फार झाला तर चूड पिवळी पडून करपते. दाट लावणी आणि जास्त युरिया त्याला पोषक ठरतात.

त्याच बुंध्यावर काळ्या डोक्याचा हिरवट मिरिड ढेकूण (सिर्टोऱ्हायनस लिव्हिडिपेनिस) तुडतुड्यांची अंडी खात फिरतो. घाईत तोही कीड समजला जातो. सिंथेटिक पायरेथ्रॉइडच्या फवारणीने असे मित्रकीटक मरतात आणि तुडतुडे उलट वाढतात. म्हणून शेतकऱ्याने आधी चूड झुकवून बुंधा पाहावा, पाठीवरचा पट्टा व पंखावरचा ठिपका ओळखावा, प्रति चूड तुडतुडे मोजावेत आणि मगच पंपाला हात लावावा.