कायद्यात नाव असलेला एकच विषय

२९ नोव्हेंबर १९७५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी अपंग मुलांच्या शिक्षणविषयक कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातील ‘विशेष शिक्षणा’च्या व्याख्येत एकाच शालेय विषयाचा नावानिशी उल्लेख आहे : शारीरिक शिक्षण. गणितालाही हा मान नाही.

कारण उघड होते. गणिताच्या तासाला मूल निदान वर्गात बसे. खेळाच्या तासाला मात्र त्याला मैदानाच्या कडेला बसवून इतरांचे गुण मोजायला लावत, आणि या वगळण्याला ‘सूट’ असे सौम्य नाव होते. १९७७ च्या नियमांनी प्रत्येक अपंग मुलासाठी शारीरिक शिक्षणाची सोय करणे, गरजेनुसार तासाची स्वतंत्र आखणी करणे, शाळांवर बंधनकारक केले.

भारतात शाळेतील खेळाच्या समान संधीची तरतूद दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये आहे. तो कायदा २०१६ चा.