न पाहिलेली फुलराणी

भक्ती बर्वे गेल्या, १२ फेब्रुवारी २००१ रोजी. वाईहून मुंबईला परतताना द्रुतगती मार्गावर त्यांच्या गाडीला अपघात झाला. ‘ती फुलराणी’ लिहिणारे पु. ल. जाऊन बरोबर आठ महिने झाले होते.

प्रेक्षकांच्या शोकाच्या नोंदी मी गोळा करतो. पहिली नोंद मिळाली ती वर्ध्यातल्या आमच्याच घरात. थोरल्या वहिनींनी वहीत बातमीचं कात्रण चिकटवून खाली लिहिलं होतं : ‘मंजुळा गेली.’ १९७५ साली रंगभूमीवर आलेली ही मंजुळा वहिनींनी नाट्यगृहात कधीच पाहिली नव्हती. पडद्यावर पाहिली होती ती ‘जाने भी दो यारो’मधली (१९८३) कावेबाज संपादक शोभा सेन. तिच्या नावानं मात्र कोणी रडलं नाही! पुस्तक वाचून, पुण्याला नाटक पाहून आलेल्यांकडून ऐकून त्यांनी आपली मंजुळा उभी केली होती.

आपला नाट्येतिहास प्रयोगांचे आकडे मोजतो. त्यात ही वही कुठे बसवायची? प्रयोग न पाहिलेल्याला आपण प्रेक्षक धरतच नाही.

न पाहिलेल्या बाईसाठी एवढं का, असं वहिनींना एकदा विचारलं. म्हणाल्या, “नागपूरला त्यांचा प्रयोग लागला की जाऊ, असं किती वर्षं म्हणत होते, भाऊजी.”